जम्मीचं सोनं आणि घाटातला ट्रक

तेलंगणातल्या नेरडीगोंड्यात माणिकरावांच्या किराणा दुकानासमोरून हायवेचे खरे ट्रक दिवसभर जातात. त्यांच्याकडे माणिकरावांनी कधी मान वर करून पाहिलं नाही. रविवारी दुपारी मात्र शटर ओढून ते मागच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसत आणि परदेशातल्या कुठल्याशा घाटातून खोटा ट्रक हाकत. मंचेरियलला दिलेली लेक पूनम तिच्या घरच्या कॉम्प्युटरवरून त्याच खेळात दुसरा ट्रक चालवी. फोनवर बापलेकीचं बोलणं 'जेवलीस का' आणि 'जेवले' एवढ्यात आटपायचं. ट्रक हातात आला की ती सासूपासून नोकरीपर्यंत सगळं सांगे. समोर रस्ता असला की माणूस बोलतो.

दसऱ्यानंतर हा कॉम्प्युटर घाट चढेना. दुकानाचा हिशेब करा, चालतो. भजनं लावा, चालतो. ट्रक घाटाला लागला, पूनमनं "बाबा, ऐका ना," म्हटलं, की पडदा काळा. मग यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू, जणू आपण त्या गावचेच नाही. त्या 'ऐका ना'च्या पुढचं काही ऐकू आलंच नाही. फोनवर विचारलं तर म्हणे, "काई नाई."

"या रविवारी नाई जमलं तं राहू द्या बाबा," ती शेवटी म्हणाली. "मलेबी कामं हायेत."

माणिकराव कामाला लागले. पुतण्या भारत म्हणाला, "व्होल्टेज, काका." स्टॅबिलायझर आला. आता कॉम्प्युटर स्थिर व्होल्टेजवर बंद पडू लागला. शेजारच्या पंढरीला दृष्टीची शंका आली, लिंबू-मिरची टांगली. मग कॉम्प्युटरचा डबा बसमध्ये मांडीवर घेऊन माणिकराव आदिलाबादला गेले. तिथल्या मेकॅनिकनं डबा उघडलाच नाही. "विंडोज नया डालना पडेगा, सेठ." ते टाकलं. हिशेब गेला, भजनं गेली, आजार जागच्या जागी राहिला.

रविवारी घाटाच्या पायथ्याशीच पडदा काळा झाला. माणिकरावांनी डब्याला एक सणसणीत चापट हाणली.

"आवं, मारता काऊन?" त्यांची बायको जयवंताबाई आतून ओरडल्या. "पूजेतला हाये तो!"

डब्याच्या आत काहीतरी खुळखुळलं.

माणिकरावांचा हात थांबला. डबा पूजेतला होताच. दसऱ्याला तराजू, गल्ला आणि कॉम्प्युटर अशी तिघांची पूजा त्यांनी स्वतः केली होती, आणि सोनं म्हणून जम्मीच्या, म्हणजे शमीच्या, डहाळ्या तिघांवर वाहिल्या होत्या. हे सोनं वर्षभर हलवायचं नाही. आदिलाबादच्या मेकॅनिकनंही ते डोळ्यांना लावून होतं तिथंच परत ठेवलं होतं, डब्याच्या वरच्या जाळीवर.

त्यांनी पेचकस आणून डबा उघडला. जम्मीचं पान केवढं, तर मुंगीनं तोंडात धरावं एवढं. वाळून वाळून सगळं सोनं जाळीतून आत गळलं होतं. सोबत अक्षता आणि कुंकू. पंख्याच्या पात्यात काडी अडकलेली. पंखा फिरत नव्हता. हिशेबाला डबा तापत नसे, ट्रकला तव्यासारखा तापे आणि जीव वाचवायला स्वतःच बंद होई. आख्ख्या घरात शहाणा तेवढा तोच.

"वर्षाचं सोनं कोनी झाडून टाकते का?" जयवंताबाईंनी विचारलं. माणिकरावांनी सोनं वेचून गल्ल्यात ठेवलं.

यावेळी घाट चढला. पहिलं वळण, दुसरं वळण.

"बाबा, ऐका ना," पूनम म्हणाली.

"ऐकून राह्यलो."

आणि पुढे चाललेला पूनमचा ट्रक भर रस्त्यातून नाहीसा झाला.

माणिकराव रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिले. मग त्यांना दसऱ्याला पूनमला धाडलेली सोन्याची पुडी आठवली. त्यांनी फोन लावला.

"पूनम, मी बसवाल्यासंगं सोनं धाडलं होतं, ते कुठं ठेवलंस?"

"कॉम्प्युटरवर. तुमीच तं सांगतलं होतं. कालपासून माह्यावालाबी बंद पडून राह्यला. व्होल्टेज असन का, बाबा?"

माणिकरावांनी स्टॅबिलायझरकडे पाहिलं. "नाई. तुहा बाप हाये. पेचकस घे."

तिनं फोन स्पीकरवर टाकला. पहिला स्क्रू गंजलेला होता, तो फिरवता फिरवता ती म्हणाली, "बाबा, मी खरी गाडी शिकून राह्यली. घरी कोनालेच सांगतलं नाई."

"कोन शिकवते?"

"बाई हाये एक. घाटात मातर भेव वाटते."

"घाटात गिअर खालचा टाकायचा," ज्यांनी जन्मात मोटार चालवली नव्हती ते माणिकराव म्हणाले. "सांग, पुढं सांग."

समोर रस्ता नव्हता, चार स्क्रू होते. तेवढ्यावर भागलं.