एवाल्डचा नवा पत्ता

वार्डे गावातल्या, घरं गरम ठेवणारे बॉयलर दुरुस्त करणाऱ्या कंपनीत टोवे बावीस वर्षं फोन घेत होती. मग मालक आस्गरने आपोआप चालणारी यंत्रणा आणली. ग्राहकांच्या नोंदी, कामाच्या वेळा, आठवण करून देणारे निरोप, सगळं आता ती यंत्रणाच बघणार होती. "तुझ्या डोक्याचा ताप गेला बघ," तो म्हणाला. खरा ताप तिथूनच सुरू झाला.

मंगळवारी एल्सेबेथचा फोन आला. "टोवे, परत आलाय गं. 'प्रिय एवाल्ड, खूप दिवसांत भेट नाही!'"

एवाल्ड म्हणजे एल्सेबेथचा नवरा, कंपनीचा जुना ग्राहक. तो फेब्रुवारीत गेला. त्यानंतरचा हा चौथा निरोप. टोवे त्याचं नाव काढायची आणि दुसऱ्या दिवशी यंत्रणा जुन्या यादीतून ते पुन्हा आणून बसवायची.

"माफ करा हो. आज याचा निकालच लावते," म्हणून ती तडक आस्गरकडे गेली.

"यंत्रणा बनवणाऱ्यांकडे तक्रार टाक ना," तो मान वर न करता म्हणाला.

"टाकली. उत्तर आलं, 'तुमचा प्रश्न सुटला आहे.' खाली हसरा चेहरा."

"मग सुटला असेल."

दातओठ खात टोवे जागेवर आली. ग्राहकाचं खातं बंद करायला यंत्रणेत कारणं दोनच: 'दुसऱ्या कंपनीकडे गेले' आणि 'पत्ता बदलला'. पहिलं निवडलं तर सवलतीची पत्रं सुरू झाली असती. तिने दुसरं निवडलं. नवा पत्ता हवा! रकाना रिकामा सोडला, लाल. नुसती रेघ मारली, लाल. शेवटी वैतागून तिने चर्चच्या दफनभूमीचा पत्ता ठोकून दिला. लगेच हिरवं झालं.

गुरुवारी सकाळी कारागीर येप्पेचा फोन. "टोवे, नव्या घरी बॉयलरची मोफत तपासणी म्हणून मला पाठवलंय, आणि मी एवाल्डच्या थडग्यापाशी उभा आहे!" मग आवाज खाली आला. "एल्सेबेथ इथेच आहे गं. फुलं घेऊन आलीये. अवजारांची पेटी कशाला, विचारतेय. काय सांगू?"

टोवेला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तिने चालू फोन तसाच नेऊन आस्गरच्या टेबलावर ठेवला. "पत्ता मी टाकला, चूक माझी. पण मेलेल्या माणसासाठी तू जागाच ठेवली नाहीस. आता तूच सांग एल्सेबेथला."

आस्गरचे कान लालभडक झाले. तो चाचरत माफी मागू लागला. पलीकडून एल्सेबेथ म्हणाली, "येप्पेला मी घरी कॉफीला नेतेय, त्याचा काही दोष नाही. पण पुरे करा रे आता."

दुपारी आस्गर स्वतः तिच्याकडे जाऊन आला. यंत्रणा बनवणाऱ्यांना 'निधन' हे कारण घालायला नऊ दिवस लागले. तोवर रोज सकाळी आल्या आल्या तो आपल्या हाताने एवाल्डचं नाव काढायचा. टोवेने ते काम काही परत घेतलं नाही.