पांगाऱ्याचं कुंपण

मी एक जुनं कुंपण आहे, मित्रांनो. मोरगावच्या अलीकडं, माळावरच्या एका घराभोवती उभं आहे. माणसं म्हणतात, कुंपणच शेत खातं. मी आजवर कुणाचं एक पानही खाल्लेलं नाही. उलट सरड्यांना, मुंगसांना पोटात घेतलं. पण म्हण पडली ती पडली!

माझा जन्म कोकरांसाठी झाला. सोनबा आणि सारजा या नवराबायकोनं मेंढरांमागची भटकंती सोडली, कळप विकला आणि इथं घर बांधलं. थोडी कोकरं तेवढी ठेवली. ती कोंडायला सोनबानं पांगाऱ्याचे ओले खुंट रोवले. पावसाळ्यात खुंटांनाच पालवी फुटली. पुढं कोकरं गेली, सोनबाही गेला, मी मात्र वाढत राहिलं. सारजाआजीनं मधल्या फटींत तरवड आणि कोरांटी लावली. गुळवेल आणि तोंडली कुणी लावली नाहीत. ती पाखरांनी आणली असावीत.

मग माझ्या आश्रयाला फुलोरी माश्या आल्या. चिमुकल्या माश्या, तळहाताएवढं पोळं. सारजाआजी मध घ्यायची, पण धनगराच्या रीतीनं. कोकरू पोटभर प्याल्याशिवाय मेंढीची धार काढायची नाही, हे तिच्या हाडीमाशी मुरलेलं. म्हणून पोळ्याच्या माथ्यावरचा मध ती कापून घ्यायची आणि खालचा पिलांचा भाग दोऱ्यानं पुन्हा फांदीला बांधायची. माश्या परत येऊन बसायच्या. नात छकुली आजीच्या मांडीवर बोट चाटत बसायची. त्या दिवसांत मला माझ्या असण्याचा फार अभिमान वाटे.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात आजी बाजाराला गेली होती. छकुलीला मधाची आठवण झाली आणि तिनं पोळ्यात, नेमकी पिलांवरच, बोटं खुपसली. माश्या तिच्या तोंडाला डसल्या. डोळा सुजून पार मिटला. पोर किंचाळली तेव्हा मी थरथरलं, पण कुंपणाला हात कुठले असतात?

संध्याकाळी तिचा बाप, आजीचा मुलगा नागेश, बारामतीहून कामावरून आला. पोरीला बघून त्याचं डोकं फिरलं.

"आये, पोरीचा डोळा गेला असता! ही झुडपं काढतो आन तारंचं कंपाउंड घालतो."

"माशीचा काय दोस, नागेशा? पोरीनं तिच्या पिलांत हात घातला. सूज उतरंल. कुंपण नगं तोडू. तुझ्या बापाच्या हातचं हाय ते."

"तुला नात पायजे का माश्या? एकदाच सांग मला."

 सारजाआजी आत गेली, कोयता घेऊन आली आणि पहिला घाव पोळ्याच्या फांदीवरच घातला. फांदी पडली. पांढरी पिलं मातीत सांडली. माश्या आजीच्या हातावर बसल्या, डसल्या. तिनं एकीलाही झटकलं नाही. तोडत राहिली. मित्रांनो, ते घाव मला लागत होते, पण रडत होती ती.

नागेश बघत राहिला. मग पुढं झाला आणि त्यानं तिच्या हातातून कोयता काढून घेतला.

"ऱ्हाऊ दे, आये. माजं चुकलं."

त्याला उत्तर हवं होतं, ते मिळालं होतं. माझा जीव त्याला घ्यायचा नव्हताच. अशा रीतीनं मी वाचलं. छकुलीचा डोळाही बरा झाला. माश्या मात्र गेल्या, त्या अजून आलेल्या नाहीत.

मित्रांनो, रानवेलींना जपा, माश्यांच्या पिलांना हात लावू नका, हे मी सांगणारच. पण आणखी एक मागणं आहे. ज्याचा जीव दोन ठिकाणी गुंतला आहे, त्याला 'हे का ते' असं कधी विचारू नका. नागेशनं विचारलं आणि सारजाआजीनं सांगितलं. ती अजून रोज अंगणात येऊन बसते, पण माझ्याकडं पाठ करून.