दाढीला येणारं पाणी

आमच्या पाटाला पाणी कधी येईल, ते सोडणाऱ्यालाही ठाऊक नसतं. आमचे हे फावडं घेऊन बांधावर ताटकळले, तर थेंब नाही. कंटाळून न्हाव्याच्या खुर्चीत बसले आणि गालाला साबण लागला, की पाणी हजर! दोनदा हे अर्धी दाढी तशीच टाकून शेताकडे धावले. सगळे हसले, मी नाही हसले.

काल मक्याने मान टाकली, तशी मी यांच्या हातातलं फावडं हिसकावलं. "आधी दाढी करून या!"

"अगं, सकाळीच केली."

"मग डोकं भादरा!"

हे कुरकुरत गेले. मी पाटाच्या तोंडाशी उभी राहिले. पाणी आलं!

मिशी तेवढी शाबूत ठेवून हे परतले, तर दारात शेजारी हात जोडून उभे.

"दादा, आमचा भुईमूग सुकतोय हो. मिशीचं काही जमेल का?"