एका रांगेत एकदाच

"तुम्ही रोज कोणाशी बोलता हो?"

विचारलं मी एकदाचं! खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून, एका दमात. मागे पार्किंगमध्ये माझ्या मैत्रिणी पूर्वा आणि अवनी एका स्कूटरच्या आड बसून तोंडावर हात दाबून हसत होत्या. पैज त्यांचीच होती. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तळमजल्यावर नंदा गजभिये राहतात. एकट्या. रोज संध्याकाळी त्यांच्या खिडकीतून आवाज येतो, "सात, तू इथं नाही बसायचं." नाहीतर, "थांब गं दोन, तुझं मग बघते." अवनीचं म्हणणं, त्यांनी मांजरं पाळलीत आणि त्यांना नंबर दिलेत. पूर्वाचं म्हणणं, भुतं. गेल्या वर्षीपर्यंत मला कुणी असलं काही विचारायला धाडलंच नसतं. मी वाण्याच्या हातात मुकाट्याने चिठ्ठी देणारी मुलगी होते. पण यंदा गॅदरिंगला सूत्रसंचालन केलं, पाचशे लोकांसमोर, आणि तेव्हापासून मला माइक कायम आपल्याच हातात असल्यासारखं वाटतं.

"कोण आहे?" आतून आवाज आला.

"मुक्ता. तिसऱ्या मजल्यावरची."

"दार उघडंच आहे. ये नि तूच बघ कोणाशी बोलते ते. स्कूटरमागच्या दोघींनाही आण."

दोघी पळाल्या. मी आत गेले.

मांजरं नव्हती. भुतंही नव्हती. टेबलावर जुन्या कॅलेंडरचं पान उलटं पसरलेलं आणि त्यावर जाड काळ्या मार्करने आखलेली नऊ बाय नऊ घरं. आकडे चांगले लाडवाएवढे. शेजारी वर्तमानपत्र आणि भिंग.

"सुडोकू!" मी ओरडलेच. "हे तर माझ्या फोनवर आहे, काकू."

"काकू नको, सिस्टर म्हण. सवय आहे. आणि फोनवर चुकलं की घर लाल होतं ना? मग उरलं काय त्यात?"

असं झालं ते. पैजेची भेळ खाल्ली, पण दुसऱ्या दिवशी मी परत गेले, आणि तिसऱ्या दिवशीही.

नंदा सिस्टर नागपूरकडच्या. चौतीस वर्षं पुण्यातल्या एका सरकारी हॉस्पिटलात काढली, शेवटची पंधरा वॉर्डच्या इन्चार्ज म्हणून. वॉर्डातल्या सगळ्या नर्स मुलींच्या ड्यूटीचा चार्ट त्या लावायच्या. "सुडोकू म्हणजे तेच," त्या म्हणाल्या. "नऊ मुली, नऊ पाळ्या. कुणाला दोनदा घालायचं नाही, कुणाला विसरायचं नाही."

आता त्यांच्या एका डोळ्याच्या पडद्याला मधोमध छिद्र पडलंय. दुसरा डोळा आधीपासूनच अधू. "कडेचं दिसतं," त्या म्हणाल्या. "ज्याच्याकडे बघावं तेवढंच दिसत नाही." छापलेलं कोडं भिंगाने बघून मोठं करायला त्यांना दीड तास लागायचा. बाकीचे लोक घराच्या कोपऱ्यात बारीक आकडे लिहून ठेवतात, इथे काय काय बसू शकेल ते. सिस्टरांना ते दिसायचं नाही, म्हणून त्या सगळं तोंडाने बोलून लक्षात ठेवायच्या. बडबड होती ती एवढीच.

मग मी वाचायला लागले. पाच वाजता शाळेतून आले की दप्तर फेकायचं आणि खाली. मी वाचून दाखवायची, कोपऱ्यांत बारीक आकडे लिहायची, त्या डोळे मिटून ऐकायच्या.

"आता बघ," एकदा त्या म्हणाल्या. "तिसऱ्या रांगेत दोन घरं अशी आहेत की दोन्हीत दोन नाहीतर सातच बसतो. कुणात कोण, माहीत नाही. तरी काय कळलं?"

"काहीच नाही."

"बापा! अगं, दोन मुलींना सोमवार नि गुरुवार एवढेच दिवस जमतात. कुणी कोणता घ्यायचा ते त्या ठरवतील. पण बाकीच्या सातजणींनी सोमवार-गुरुवारचं नाव काढायचं नाही. रांगेतल्या उरलेल्या घरांतून दोन आणि सात खोड."

मी खोडले. आणि एका घरात धाडकन एकटा पाच उरला! मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "फडकं ओट्यावर आहे."

मग चारची युक्ती शिकले. दुसऱ्या रांगेत चारला दोनच जागा, तिसऱ्या किंवा आठव्या उभ्या ओळीत. सहाव्या रांगेतही नेमक्या त्याच दोन ओळी. म्हणजे एक चार तिसरी ओळ घेणार आणि एक आठवी, कसंही फिरवा. त्या दोन ओळींत इतर कुठेही चार असेल तर हाकलायचा. हे कळलं तेव्हा मी खोलीभर नाचले. सिस्टर हसल्या. त्यांच्या घरात हसण्याचा आवाज किती वेगळा वाटतो ते तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी येईपर्यंत तिथे फ्रिज सोडून कशाचाच आवाज नसतो.

एका शुक्रवारी मात्र मी घाण केली. पूर्वा-अवनी बाहेरून हाका मारत होत्या आणि कोडं अडलं होतं. एका घरात तीन नाहीतर आठ. मी ठोकून दिलं, "तीनच आहे, सिस्टर."

"नक्की?"

"नक्की."

भराभर घरं भरत गेली. आणि शेवटच्या रांगेत दोन सहा आले.

सिस्टरांचे ओठ तेवढे हलत होते. मी कॅलेंडरकडे बघत होते, त्यांचे तर डोळेसुद्धा मिटलेले.

"पाचवी रांग, सातवं घर," त्या म्हणाल्या. "तिथं तू अंदाज केलास."

माझे कान तापले. "एवढं काय त्यात! खोडून आठ करू."

"खोडता येतं कागदावर." त्यांचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "मी पण एकदा केला होता. रविवारच्या दुपारी मथुराबाई ड्यूटीला येतील असं धरलं. विचारलं नाही, नुसतं धरलं. त्या आल्या नाहीत. चाळीस पेशंट नि एक नवी मुलगी. तुझ्याहून चारएक वर्षांनी मोठी असेल. रडून रडून आजारी पडली. त्यानंतर मी कधी कुणाला धरून चालले नाही."

"मग चार्ट सुटलाच नाही तर?"

"सुटायचा की. माझं नाव टाकायची."

"म्हणजे?"

"दिवाळीला सगळ्यांना घरी जायचं. नाताळात केरळच्या मुलींना. चौदा एप्रिलला आमच्याच मुली म्हणायच्या, सिस्टर, मुलांना घेऊन मिरवणुकीला जायचंय. बरोबरच होतं त्यांचं. मला वाट बघणारं कुणी नव्हतं, म्हणून माझं नाव कुठल्याही घरात बसायचं." त्यांनी मार्करचं टोपण लावलं. "फार सोयीचं नाव होतं."

बाहेर पूर्वाने परत हाक मारली. मी गेले नाही. आठ लिहून पुढचं सगळं पहिल्यापासून केलं. सहा वाजून गेले.

गेल्या मंगळवारी टेबलावर कॅलेंडर नव्हतं. एक छापील फॉर्म होता. "आज हे वाच," सिस्टर म्हणाल्या. डोळ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. शनिवारी सकाळी साडेसातला, कात्रजच्या बाजूला. त्यानंतर आठवडाभर पालथं झोपायचं, वर बघायचं नाही. यशस्वी झालं तर छापलेलं दिसेल थोडंफार. नाही झालं तर आहे तेही जाईल. हे त्यांनी भाजीचे भाव सांगावेत तसं सांगितलं.

मी वाचत गेले, भरत गेले. रुग्णाचे नाव: नंदा गजभिये. वय: एकोणसत्तर. साखर नाही, रक्तदाब आहे. मग मी थांबले.

"काय झालं?"

"सोबत येणाऱ्या व्यक्तीचे नाव."

"नागपूरचा भाचा आहे. त्याला शनिवारी जमत नाही." त्या सहज म्हणाल्या. "लिही, नंदा गजभिये."

"अहो, हे सोबतच्या माणसाचं आहे."

"कळलं मला. लिही. मी सगळी ऑपरेशनं बघितलीत. रिक्षाने जाईन, रिक्षाने येईन."

"डोळ्याला पट्टी असेल!"

"रिक्षावाल्याच्या डोळ्याला नसेल ना?"

एरवी मी हसले असते. पेन हातात तसंच होतं. वरच्या रकान्यात त्यांचं नाव मीच लिहिलेलं, आणि त्याच रांगेत खाली तेच परत लिहायचं.

"सिस्टर," मी म्हटलं, "एका रांगेत एक नाव दोनदा चालत नाही."

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला, पण थोडा बाजूला, कडेच्या नजरेने मी दिसावी म्हणून. मग हाताने चाचपत फॉर्म ओढून घेतला, घडी घातली आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवला.

"मग रिकामी राहू दे ती जागा," त्या म्हणाल्या. "जा, अभ्यास कर. शनिवारी क्लासची परीक्षा आहे म्हणालीस ना?"

आहे. तिच्यावरच वरची बॅच ठरणार आहे आणि आई महिनाभर तेच बोलतेय. मी जिना चढले. एरवी पळत, आज एकेक पायरी. दार उघडलं तेव्हा आई मटार सोलत होती आणि बाबा ऑफिसच्या फोनवर "हो सर, हो सर" करत होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि फोन संपेपर्यंत हलले नाही.

"काय गं?" आई म्हणाली. "चेहरा का असा?"

"मी शनिवारी परीक्षेला बसणार नाही," मी म्हटलं. "खालच्या नंदा सिस्टरांचं ऑपरेशन आहे, मी त्यांच्याबरोबर जाणार आहे. पण फॉर्मवर मोठ्या माणसाचं नाव लागेल, बाबा, म्हणून तुम्ही पण येणार आहात. हे मी धरून चाललेले नाही. विचारतेय. पण जायचं ठरलंय."