ज्याला आधी दिसेल त्यानं

तळ्याकाठी पक्षी बघायला जमलेल्यांची सकाळीच जुंपली होती. समोरच्या बदकाचं नाव निवृत्त पोस्टमन एक सांगत होता, बेकरीवाली बाई दुसरंच, आणि बसचा ड्रायव्हर म्हणत होता की आपल्या आजीच्या गावात यातलं एकही कुणी ऐकलेलं नाही. लेक हे सगळं आईला मराठीत सांगत होती. आईला हसू आलं. या परक्या देशात आल्यापासून ती फारशी हसली नव्हती.

आईचा जन्म नर्सच्या नोकरीत गेला. पक्ष्यांचा नाद नवऱ्याचा. तो कारकून; सुट्टी मिळाली की दुर्बीण घेऊन हिलाही ओढून न्यायचा. नजर मात्र हिचीच तेज. ही दाखवायची, तो नाव सांगायचा. तो गेल्यावर लेकीनं तिला इकडे आणलं. आज यायलाही ती तयार नव्हती. नाव सांगणारा नाही तर बघून करू काय, म्हणाली.

या मंडळींनी भांडणावर तोडगा काढला होता. पक्षी ज्याला आधी दिसेल, त्यानं नाव ठेवायचं. दिवसभर सगळ्यांनी तेच वापरायचं.

लव्हाळ्यातून एक तांबूस, लांब शेपटीचा पक्षी वर आला. आई पटकन डावीकडे वळली.

"अहो, तो बघा."

डावीकडे नेहमी नवरा उभा असायचा. आता कुणीच नव्हतं. आईचा चेहरा पडला. घरी जाऊ या, म्हणत ती गळ्यातली दुर्बीण काढू लागली. पण पक्षी आधी तिला दिसला, हे पोस्टमननं पाहिलं होतं. पक्षी यांचा, नाव यांनीच ठेवायचं, असं त्यानं लेकीकरवी बजावलं.

"आई, जन्मभर लोकांना नावं ठेवलीस," लेक म्हणाली. "आता एका पक्ष्याला ठेव."

"मला कुठं येतात गं नावं?"

"येईल ते सांग."

आईनं दुर्बीण पुन्हा गळ्यात घातली. मग तिनं नवऱ्याचं नाव घेतलं. अख्ख्या संसारात ते तिच्या तोंडून निघालं नव्हतं. त्याला दवाखान्यात नेलं आणि नाव विचारलं, तेव्हाही तिनं लेकीला पुढे केलं होतं. लेकीनं ते नाव सगळ्यांना सांगितलं. पोस्टमनची जीभ वळेना, तेव्हा आईनंच त्याच्याकडून ते घोटून घेतलं.

दुपारी पलीकडे तो पक्षी पुन्हा दिसला आणि बेकरीवालीनं हळूच ते नाव उच्चारलं. ड्रायव्हरनं पुढे सांगितलं, पोस्टमननं आपल्या परीनं, आणि ते आईपर्यंत आलं. तिनं दुर्बीण डोळ्यांना लावली. डोळे भरून आल्यामुळे तिला काहीच दिसेना.

"आहेत का गं?" तिनं विचारलं.

"आहेत," लेक म्हणाली.