ओळीच्या मागे

माझ्या वडिलांना शिकवताना त्यांच्या एकाही विद्यार्थ्याने पाहिलेलं नाही. ते मागे उभे राहून शिकवत.

यात गूढ असं काही नव्हतं. पेणजवळ, धरमतरच्या खाडीकाठी आमचं गाव. पाऊस संपला की मिठागरातल्या वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करावा लागतो, नाहीतर मिठात चिखल येतो. आमच्या आगरावर दहा-बारा माणसं खांद्याला खांदा लावून एका ओळीत पावलापावलाने पुढे सरकत, आणि जाणता माणूस त्यांच्या मागून चाले. त्याला चेहरे बघायचे नसत, टाचा बघायच्या असत. ज्याची टाच हलकी पडेल त्याच्या गुडघ्यामागे तो काठीचं टोक लावी. तुडवताना मागे वळायचं नाही, हा एकच नियम. वळलं की टाच फिरते, तळाला खड्डा पडतो आणि हंगामभर तिथून पाणी झिरपत राहतं. माझे वडील, काळुराम, वयाच्या आठव्या वर्षापासून त्या ओळीत होते आणि तिशीच्या आत ओळीमागचे जाणते झाले.

कुंग फू ते रोह्यात शिकले. तिथल्या एका कारखान्यात मणिपूरकडचे एक सुपरवायझर होते. शिफ्ट सुटल्यावर ते शेडमागे चार-पाच जणांना शिकवत. बाबा आठवड्यातून तीनदा नागोठण्यावरून एसटीने तिथे जात. एकोणीसशे शहाऐंशी साली त्यांनी गावात स्वतःचा क्लास काढला. जागा म्हणजे मालकाने सोडून दिलेला एक वाफा, वेळ रविवारी सकाळी सात. आणि शिकवायची त्यांना एकच पद्धत ठाऊक होती.

मी अकराव्या वर्षी ओळीत उभी राहिले. पहिले तीन महिने नुसत्या घोड्यात गेले. घोडा म्हणजे पाय फाकवून, मांड्या जमिनीला समांतर ठेवून, पाठ ताठ करून उभं राहणं. घरी आल्यावर मी ओटा बसून चढायची. तेराव्या वर्षी पहिलं मंगळुरी कौल फोडलं. दोन बोटं सुजली, आईने हळद लावता लावता बाबांना शिव्या घातल्या आणि मला सुजेचा नि शिव्यांचा, दोन्हींचा अभिमान वाटला. रोह्याच्या स्पर्धेत पहिल्या वर्षी बाराव्या सेकंदाला चीत झाले. तिसऱ्या वर्षी दुसरी आले. परतीच्या एसटीत बाबा म्हणाले, "टाच उचलत होतीस." बाकी काही नाही.

एकविसाव्या वर्षी काळ्या पट्ट्याची परीक्षा आली. लाथाबुक्क्यांचं सगळं आधीच पाहून झालेलं असे. परीक्षा म्हणजे ओळीतल्या आपल्या जागी एकट्याने घोड्यात उभं राहायचं. बाकीचे निघून जात. बाबा मागे उभे राहत आणि त्यांना वाटेल तेव्हा "बस" म्हणत. वेळ ठरलेला नसे. कुणाला पाऊण तास लागे, कुणाला दीड.

अर्ध्या तासानंतर मला मागून काहीच ऐकू येईना. श्वास नाही, पाऊल नाही. बाबा निघून गेलेत, मला एकटीला ठेवून घरी गेलेत, अशी माझी खात्री झाली. मी वळून पाहिलं. ते हातभर अंतरावर उभे होते आणि माझ्या टाचांकडे बघत होते. त्यांनी मान वर केली नाही. मी शरमेने तिथून चालत घरी आले. पुढच्या महिन्यात शिकायला पुण्याला गेले, तिथेच ग्रंथपालाची नोकरी धरली. त्या सकाळीबद्दल आम्ही चौदा वर्षांत एक शब्द बोललो नाही. फोनवर आम्ही पावसाबद्दल आणि आईच्या गुडघ्यांबद्दल बोलायचो.

ऑक्टोबरात बाबा बांधावर चालता चालता गेले. मी पोचले तेव्हा त्यांना बाहेर आणून ठेवलं होतं.

तेराव्यानंतरच्या रविवारी क्लास भरला. मी बंद करायचं सांगायला गेले होते. बांधावरून पाहते तर आठ जण वाफ्यात खाडीकडे तोंड करून घोड्यात उभे होते. कुणी आकडे मोजत नव्हतं, कुणी समोर नव्हतं. ओळीत उजवीकडून तिसरी जागा मोकळी होती.

मी हाक मारणार, तेवढ्यात डाव्या टोकाच्या पोराचा गुडघा वाकला. अगदी थोडा, काठी लागल्यावर वाकतो तेवढा. मग त्याच्या शेजारच्याचा. मग त्याच्या शेजारणीचा. एकेक गुडघा खाली जात होता, आणि दोन गुडघ्यांमध्ये बरोबर एका माणसाने दोन पावलं टाकावीत एवढा वेळ जात होता. त्यांच्या मागे ओला तळ होता, त्यापलीकडे बांध, बांधावर एक बगळा. दुसरं काही नव्हतं.

मोकळ्या जागेशी ते थांबलं. मी माझे श्वास मोजले, अकरा झाले. मग पलीकडे उभ्या हिरामण नावाच्या विद्यार्थ्याचा गुडघा वाकला आणि शेवटी उजव्या टोकाच्या शिवादादाचा. शिवादादा सरळ झाला, हात झटकले, आणि सगळे हसत-बोलत चपला शोधू लागले.

शिवादादा क्लासमधला सगळ्यांत जुना. कंपनीत कंत्राटावर काम करतो, चाळिशी उलटलेली.

"कोण घेतं क्लास?" मी विचारलं.

"सर."

"शिवादादा, सर गेले."

"व्हय. मी खांदा दिला ना."

"मग?"

"मग काय? आपण कवा मागं बघतो?"

रंभाकाकी पदर खोचत जवळ आली. ती मिठाच्या पाट्या वाहायची. कंबर धरली म्हणून पन्नाशीत क्लासला आली आणि राहिली. "त्याचं डोकं नको खाऊ गो मैना. सर पयले पण दिसत नव्हते, आता पण दिसत नाय. आमाला काय फरक?"

"काठी तर घरी दाराआड आहे, काकी. मी आज सकाळी पाहिली."

"मंग सरांना हात नाय का?" ती म्हणाली, आणि पोरं हसली.

मोकळ्या जागेचं विचारलं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. "ती तुझी," शिवादादा म्हणाला. "सरांनी कुणाला भरू दिली नाय. दर टायमाला तिथं थांबायचे. आमाला वाटायचं, दम लागतो."

क्लास बंद करायचं मी बोललेच नाही. घरी आईला विचारलं, तुला काही जाणवतं का. चंद्रावती तिचं नाव, गावात तिच्या जिभेला सगळे वचकून असतात. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "मला? जित्ता होता तवा रविवारचा घरात घावला नाय. आता काय घावंल?" थोड्या वेळाने ताट बाजूला सारून म्हणाली, "तू जा. तुला जायचंच हाय."

मला जायचंच होतं. मी सुट्टी वाढवली. ज्यांना तो माणूस फक्त सर होता, त्या सगळ्यांच्या गुडघ्याला तो हात लावत होता. मला तेवढंच हवं होतं, एकदा. शेवटचं मला त्यांनी कधी शिवलं होतं, तेही मला आठवत नव्हतं.

पुढच्या रविवारी मी माझ्या जागी उभी राहिले. पस्तीस वर्षांच्या मांड्या पाचव्या मिनिटाला थरथरू लागल्या, पण टाचा आपोआप बसल्या. तळ थंड होता. मागून काही ऐकू येत नव्हतं. डावीकडे कडेला हालचाल झाली, मग तिच्या अलीकडे, मग आणखी अलीकडे. शेजारच्या रंभाकाकीचा गुडघा वाकला. मी डोळे मिटले.

काही लागलं नाही. मी वाट पाहिली. मानेवर ऊन नव्हतं, वारा नव्हता, खारट वासही नव्हता. माझ्या मागची तेवढी जागा कशानेतरी झाकल्यासारखी झाली होती. पण लागलं काहीच नाही. बऱ्याच वेळाने शिवादादाने टाळी वाजवली आणि मी उभी राहिले. मला ओलांडून गेले, असंच मी धरलं.

"आज फुडं आलेच नाय," हिरामण कुरकुरला.

"माझी शिफ्ट हाय, किती थांबणार?" शिवादादा म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहणं टाळलं.

रंभाकाकी माझ्याजवळ येऊन हळू म्हणाली, "माझ्यापर्यंत आले, पोरी. मंग तिथंच ऱ्हायले. तुझ्या मागं."

मंगळवारी मी रोह्याला महिपतीकडे गेले. बाबांनी काळा पट्टा दिलेला तो पहिला. रोह्यात त्याचा स्वतःचा क्लास आहे, दुसऱ्या मजल्यावर, समोरच्या भिंतीभर आरसे. तो विद्यार्थ्यांच्या पुढे उभा राहून शिकवतो. मी सगळं सांगितलं. त्याने एकदाही मला वेड्यात काढलं नाही. पोरांना सूर्यनमस्कार घालायला लावून तो मला जिन्यात घेऊन आला.

"परीक्षेत सर हात लावतात का?" त्याने विचारलं.

"नाही."

"लावला तर?"

"नापास."

"मग तुला कसा लावतील? तुझी परीक्षा चालू आहे. 'बस' म्हणाले होते का सर?"

मी नाही म्हणाले. मी वळले होते, निघून आले होते. त्यांनी काहीच म्हटलं नव्हतं. ती परीक्षा संपली असं मीच ठरवलं होतं, आणि नापास झाले असंही मीच.

"आता 'बस' कोण म्हणणार, महिपती?"

त्याने आतल्या पोरांकडे पाहिलं. "वेळ झाली की ऐकू येईल तुला. पण ऐकायच्या आधी विचार कर, मैना. ज्याला पास केलं त्याच्या मागे सर पुन्हा उभे राहत नाहीत. मला पट्टा दिला आणि त्या दिवसापासून एकदाही नाही. जिवंत होते तेव्हाही नाही. सणाला घरी यायचे, माझ्या समोर बसायचे, चहा प्यायचे. हे आरसे मी शिकवायला लावलेत असं लोकांना वाटतं." तो किंचित हसला. "मागे कुणी दिसतं का, ते बघत असतो. कुणी नसतं."

"आणि नापास झालेल्यांचं?"

"शिवा सहा वेळा झाला," महिपती म्हणाला. "तुला काय वाटलं, त्याला जमत नाही?"

तिसऱ्या रविवारी मी आईला जेवायला थांबू नको म्हणून सांगून निघाले. सगळे ओळीत लागल्यावर मी माझ्या जागी जाऊन उभी राहिले. गुडघे वाकत आले, रंभाकाकीपाशी आले आणि थांबले. मागची जागा झाकली गेली. या वेळी कुणाला सांगावं लागलं नाही. शिवादादाने टाळी वाजवली, आणि एकेक जण पुढच्या बाजूने, माझ्या समोरून, बांधावर चढला. मागून कुणी गेलं नाही.

मी राहिले. खाडीत ओहोटी होती. एक रिकामं बार्ज चिखलात टेकलं होतं. अर्धा तास झाला असावा, मग आणखी. घाम हनुवटीवरून तळावर पडत होता आणि त्याचे ठिपके मी बघत होते. चौदा वर्षांपूर्वी ज्या शांततेने मला वळवलं होतं तीच शांतता तशीच उभी होती, हातभर अंतरावर. आता मला ठाऊक होतं की ती जाण्याची शांतता नाही. वळावंसं वाटलं नाही. मला भीती वेगळीच वाटत होती. माझे पाय चांगले होते. थरथरत होते, पण खाली होते, टाचा बसलेल्या होत्या. मी हे करू शकत होते. आणखी पाच मिनिटं, कदाचित दहा, आणि 'बस' ऐकू आलं असतं. तेवढ्यात मागे कुणीतरी श्वास घेतला, बोलण्याआधी घेतात तसा.

मी गुडघा बोटभर वर उचलला.

श्वास तसाच थांबला. आपल्या विद्यार्थिनीला जमत असताना ती मुद्दाम चुकली, हे ओळखायला त्या माणसाला टाच पुरत असे. तो बराच वेळ काही करेना. मी गुडघा खाली घेतला नाही.

मग डाव्या गुडघ्याच्या मागे, लवणीत, लागलं. काठीचं टोक नव्हतं ते. दोन बोटं होती, गार आणि ओली, आणि ती लगेच निघाली नाहीत. गुडघा आपसूक वाकला.

मी सरळ झाले. न वळता समोर चालत गेले आणि बांधावर चढले. तिथे शिवादादा एकटाच बिडी ओढत बसला होता. शिफ्टला गेला नव्हता.

"झाली?"

"नापास," मी म्हणाले.

त्याने सरकून मला बसायला जागा करून दिली. आम्ही दोघंही खाडीकडे बघत बसलो. वाफ्याकडे आमची पाठ होती.

"मंग फुडल्या रविवारी," तो म्हणाला.