बँडमागून चाललेला सहा नंबर

माझ्या पाठीवर सहा हा आकडा शिवलेला आहे, त्यामुळे मी कधी कुणा एका माणसाची नव्हते, मैदानावरच्या एका जागेची होते. मित्रांनो, मी आयर्लंडमधल्या किलब्रॅक गावाच्या संघाची एक जुनी जर्सी आहे. आमच्या फुटबॉलमध्ये चेंडू हातानेही खेळतात आणि पायानेही. पंधरा जणांच्या संघातला सहावा गडी बचावफळीच्या बरोबर मधोमध उभा राहतो. तो हलला की मागचं दार उघडतं.

एका शिवणकारखान्यात माझ्या चौदा भावंडांबरोबर माझा जन्म झाला. रंग हिरवा, गळ्याला पांढरी पट्टी. या खेळात गावाच्या संघाला पगार मिळत नाही. खेळाडूला मिळते ती जर्सी, तीही सामन्यापुरती. सामन्याआधी प्रशिक्षक खोलीत उभा राहून एकेकाचं नाव घेतो आणि जर्सी त्याच्या हातात देतो. आपलं नाव कुठल्या आकड्याला येतं, की येतच नाही, याकडे सगळ्यांचे कान असतात.

मी बहुतेक वर्षं मॅलकीच्या अंगावर काढली. मॅलकी दुधाचा टँकर चालवायचा. धावण्यात तो कधीच पुढे नव्हता. चेंडू कुणाच्या पायातून सुटला की तो कुठे पडणार हे त्याला आधी दिसायचं, आणि तो तिथे चालत जाऊन उभा राहायचा. शिवाय तो सामनाभर बोलायचा. माझ्या गळ्याशी त्याचा आवाज सतत थरथरत असायचा. "डावीकडे. मागे बघ. त्याला सोड, चेंडूकडे जा."

तो पस्तिशीला पोचला तेव्हा सात नंबरच्या जर्सीत डॉनाख आला. एकोणीस वर्षांचा, हरणासारखा पळणारा, पण चेंडू दिसला की सगळं विसरणारा.

"मॅलकी, तुझे गुडघे वाजतात ते मला इथपर्यंत ऐकू येतं," तो सरावात म्हणायचा.

"मग ऐक की. मी कुठे आहे ते तरी कळेल. तू कुठे आहेस ते देवालाही कळत नाही."

त्या उन्हाळ्यात ते दोघे शेजारी शेजारी खेळले. मॅलकी सांगायचा आणि डॉनाख पळायचा. एकाला पाय नव्हते आणि दुसऱ्याला अंदाज नव्हता. दोघे मिळून एक उत्तम गडी होत होता, असं मी म्हणते, आणि मी अगदी जवळून पाहिलेलं आहे. आमचं गाव बऱ्याच वर्षांनी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, अंतिम सामन्यात पोचलं. समोर ड्रमकॅलनचा संघ होता.

आमचा प्रशिक्षक फिंटन. तो आणि मॅलकी तरुणपणी एकाच संघात खेळलेले. उपांत्य सामन्यात मॅलकीला एका पोराने दोनदा मागे टाकलं, आणि तेव्हापासून फिंटनची झोप उडाली. दुकानात गेला की म्हातारे म्हणायचे, "मॅलकीला काढशील तर पुढच्या वर्षी प्रशिक्षक निवडताना माझं मत गेलं समज." पबमध्ये तरुण म्हणायचे, "काय रे, अंतिम सामन्याला काठी देणार का त्याला?" फिंटन दोन्हीकडे हसायचा आणि कुणालाच काही सांगायचा नाही.

अंतिम सामन्याच्या दिवशी त्याने खोलीत नाव घेतलं, "सहा, मॅलकी." मी नेहमीसारखी त्याच्या हातात पडले. त्याने मला अंगात घातलं, आणि मग फिंटन त्याला न्हाणीच्या दाराशी घेऊन गेला.

"परेड तू कर," फिंटन म्हणाला. "चेंडू टाकायच्या आधी बाहेर ये. मधे डॉनाख जाईल. त्याच्या जागी बाकावरचा एक पोरगा घालतो."

"म्हणजे मी बँडमागून मिरवायचं आणि बसायचं."

"ड्रमकॅलनवाल्यांनी आठवडाभर तुझा अभ्यास केलाय. त्यांचा गोंधळ उडेल. क्लबसाठी आहे हे."

"डॉनाखला माहीत आहे?"

"आत्ताच सांगितलं."

मॅलकीने टपकणारा नळ घट्ट बंद केला. "मंगळवारी सांगितलं असतंस, तर मी त्याला चार दिवस त्या जागेवर उभा केला असता."

"मंगळवारी सांगितलं असतं तर बुधवारी पबभर झालं असतं."

अशी फसवी नावं आमच्याकडे सगळीच गावं देतात, मित्रांनो. जाहीर एक संघ करायचा आणि खेळवायचा दुसरा. त्यात कुणाला गैर वाटत नाही. पण अंतिम सामन्याला दोन्ही संघ बँडमागून मैदानाची फेरी काढतात, आणि त्या फेरीत चालण्यासाठी माणसं आयुष्यभर खेळतात. मॅलकी आकड्यांच्या क्रमाने ओळीत चालला. त्याची बायको आणि दोन मुली कठड्याशी उभ्या राहून हात हलवत होत्या. त्यानेही हात हलवला. फेरी संपली आणि तो मैदानाबाहेर येऊन बाकावर बसला. मुलींचे हात तेवढा वेळ हवेतच होते.

गोंधळ ड्रमकॅलनचा उडाला नाही. त्यांचा अकरा नंबर, म्हणजे सहाच्या समोरचा गडी, कडेला सरकला, डॉनाख त्याच्या मागे पळाला, आणि मधली जागा मोकळी पडली. गोल. थोड्या वेळाने पुन्हा तेच, पुन्हा गोल, आणि आमच्याकडे एका गोलचे तीन गुण होतात. डॉनाख मान वळवून वळवून बघत होता. कुणी तरी काही सांगेल अशी त्याला सवय लागली होती. मॅलकी बाकावरून ओरडत होता, पण त्या गर्दीत त्याचा आवाज फक्त मलाच ऐकू येत होता.

शेवटची दहा मिनिटं उरली तेव्हा फिंटन त्याच्याकडे न बघता म्हणाला, "जा."

मॅलकी थंड पायांनी आत गेला. डॉनाखच्या खांद्याला धरून त्याने त्याला आपल्या बाजूला उभा केला. त्यानंतर आमच्यावर एकही गुण झाला नाही. आम्ही एका गुणाने हरलो.

जर्सी धुण्याचं काम फिंटनची बायको नूला करायची. मशीनपाशी तिने मला उलटसुलट करून पाहिलं. "पाचाला चिखल, साताला चिखल. सहावर जेमतेम मूठभर. माझं काम वाचवलंस, फिंटन." तो बाहेर निघून गेला.

जानेवारीत सराव सुरू झाला, मॅलकी आला नाही. फिंटनने फोन केला नाही, मॅलकीनेही नाही. डॉनाख मात्र महिनाभर आला. तो दिसला की कुणी तरी म्हणायचं, "ये रे, तुझ्यामागच्या मोकळ्या जागेतून बस गेली असती त्या दिवशी." तो हसायचा. वसंतात तो ऑस्ट्रेलियाला, पर्थला, बांधकामावर गेला. मी रिकामी राहिले. सहा नंबरला कधी हा, कधी तो, असं करत दोन हंगाम निघाले, आणि मग पंधरा माणसंही भरेनात. शेवटी किलब्रॅकचा संघ ड्रमकॅलनमध्ये मिसळला. हो, त्याच ड्रमकॅलनमध्ये. नव्या जर्सी आल्या, त्यांच्या रंगाच्या, आणि आम्ही मैदानावरच्या शेडमध्ये ढिगात पडलो.

मित्रांनो, जुना खेळाडू थांबायलाच हवा, आणि त्याला ते इतरांआधी ठाऊक असतं. माझी तक्रार त्याला बसवल्याची नाही. बसवायचं तर त्याला वेळेवर आणि तोंडावर सांगा, आणि त्याच्याजवळ जे आहे ते दुसऱ्याला देण्याची सवड त्याला द्या. नव्याला पुढे करायचं तर आधी त्याच्या शेजारी कुणी तरी उभं करा. आमच्या गावाने एकाच दिवशी दोघांनाही एकटं सोडलं, आणि नंतर दोघांनाही नावं ठेवली.

परवा मैदानावर रेषा आखायच्या यंत्रातून पांढरा रंग गळत होता. फिंटन शेडमध्ये फडकं शोधायला आला. त्याने ढिगातून मला ओढून काढलं, उलगडलं, आणि पाठीवरचा आकडा पाहिला. मग आकडा आतल्या बाजूला जाईल अशी माझी घडी केली आणि रंग पुसू लागला.